जिप्सीच्या १.३ इंजिनसाठी कॅम निवडताना: इनटेक व्हॉल्व्ह कधी मिटतो ते आधी बघा

मारुती जिप्सी किंगच्या शेवटच्या पिढीत १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन होतं. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, आणि मिश्रण आत घेणारे इनटेक आणि जळका गॅस सोडणारे एक्झॉस्ट, दोन्ही व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅमशाफ्ट (थोडक्यात कॅम), टायमिंग बेल्टवर फिरणारा. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ६००० आरपीएमला ८० बीएचपी आणि ४५०० ला १०३ न्यूटन-मीटर टॉर्क. ऑटोक्रॉस (मातीच्या मैदानावरची वेळेची शर्यत) आणि रॅलीत ही गाडी एवढी वर्षं पळते आहे की पुणे-नाशिककडच्या गॅरेजमध्ये ‘कॅम टाकायचा का?’ ही चर्चा कायम चालू असते. हेच इंजिन समोर ठेवून कॅम निवडायचा कसा, मोजायचा कसा आणि बसवायचा कसा, ते इथे क्रमाने सांगतो. एस्टीम असो, जुनी होंडा सिटी असो, आकडे बदलतील, पद्धत तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. कॅम विकणारा लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो) आणि ड्युरेशन (तो किती वेळ उघडा राहतो) सांगतो, घेणारा एचपी विचारतो, आणि गाडी मैदानावर कशी पळणार हे ज्यावर ठरतं तो आकडा कोणी विचारतच नाही: पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाल्यावर इनटेक व्हॉल्व्ह किती अंशांनी मिटतो?

पैसे घालण्याआधी दोन कागद

गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल या कलमाखाली चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. शिवाय मोठ्या ओव्हरलॅपचा (दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे ठेवणारा) कॅम आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, न जळलेलं पेट्रोल बाहेर टाकतो, त्यामुळे पीयूसीला अडकतो. हा लेख स्पर्धेच्या गाडीसाठी आहे.

दुसरा कागद म्हणजे तुमच्या स्पर्धेची नियमावली. मूळ गाडीच्या जवळ राहणाऱ्या वर्गांत कॅम कंपनीचाच लागतो. हेड उघडून झाल्यावर स्क्रूटिनीत (स्पर्धेच्या गाडीच्या तपासणीत) हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पायरी पहिली: तुमची आरपीएमची पट्टी काढा

जिप्सी सुझुकीच्या एसजे मालिकेवर बेतली आहे; त्यातल्या १.३ च्या एसजे४१३ च्या पाच गिअरच्या बॉक्सची गुणोत्तरं अशी: पहिला ३.६५२, दुसरा १.९४७, तिसरा १.४२३, चौथा १.०००, पाचवा ०.७९५. आता ६५०० ला गिअर बदलला असं धरा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम साधारण ३४५० वर पडतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात ४७५०, तिसऱ्यातून चौथ्यात ४५५० च्या आसपास.

पहिल्या-दुसऱ्यातली ही दरी नीट बघा. ५००० च्या खाली मेलेला आणि ७५०० ला ओरडणारा कॅम टाकलात, तर स्टार्टनंतर दुसरा गिअर टाकताच गाडी बसेल. ऑटोक्रॉसच्या मातीत, आवळ वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये ३००० ला बाहेर पडताना तर ड्रायव्हर क्लच मारून मारून हैराण होईल. म्हणजे ऑटोक्रॉसच्या जिप्सीची कामाची पट्टी ३००० ते ६५००. कोइंबतूरच्या कारी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जवळजवळच्या गिअरचा बॉक्स घालून पळणारी गाडी असेल, तर ही पट्टी वर सरकते.

वरची मर्यादा पिस्टनच्या वेगावरूनही तपासा. ७५.५ मिमी स्ट्रोकला ६५०० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.४ मीटर येतो, ८००० ला २०.१ मीटर. कंपनीचे कनेक्टिंग रॉड, कंपनीचे रॉड-बोल्ट आणि कंपनीच्या स्प्रिंग घेऊन ८००० चा कॅम टाकणं म्हणजे रॉड ब्लॉक फोडून बाहेर काढायची तयारी आहे. खालचा भाग जेवढं सोसेल, कॅम तेवढ्याचाच घ्या.

पायरी दुसरी: कॅम कार्ड वाचायला शिका

कॅम कार्ड म्हणजे कॅमबरोबर मिळणारा आकड्यांचा कागद. ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असला तरी हा आकडा क्रँकच्या अंशांत सांगतात. खरी मेख मात्र वेगळीच आहे: हा आकडा व्हॉल्व्ह किती उचलला गेल्यापासून मोजला? दोन ग्राइंडर (कॅम घासून देणारे) ‘२६४ डिग्री’ म्हणतील, पण एकाने ०.१ मिमी लिफ्टपासून मोजलेलं असेल आणि दुसऱ्याने ०.५ मिमीपासून. १ मिमीवर मोजलंत तर पहिला २२२ आणि दुसरा २४० सुद्धा निघू शकतो. हे दोन पूर्णपणे वेगळे कॅम आहेत. म्हणून १ मिमी लिफ्टवरचं ड्युरेशन मागा. अमेरिकी कार्डावर तो आकडा ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमीवर दिलेला असतो. एकाची दुसऱ्याशी तुलना करू नका. जो ग्राइंडर हा आकडा देऊ शकत नाही, त्याच्याकडून मी कॅम घेणार नाही.

लोब म्हणजे कॅमवरचा व्हॉल्व्ह उचलणारा फुगवटा. लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या टोकांमधलं अंतर, आणि हे मात्र कॅमच्या अंशांत मोजतात. १०४-१०६ असेल तर स्वभाव तिखट, पट्टी अरुंद. १०८-११० ला मधला मार्ग. ११२ च्या पुढे आयडल शांत आणि टर्बोला सोयीचं. जिप्सीसारख्या एका कॅमच्या इंजिनात हे अंतर घासतानाच ठरून जातं. नंतर पुली फिरवलीत तर दोन्ही लोब एकत्रच पुढेमागे होतात. दोन कॅमच्या इंजिनात प्रत्येक पुली वेगळी फिरवून ते बदलता येतं. म्हणून एका कॅमवाल्याने हा आकडा ऑर्डर देतानाच नक्की करायचा.

ओव्हरलॅप घरी काढता येतो: इनटेक आणि एक्झॉस्ट ड्युरेशनची सरासरी घ्या, त्यातून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करा. दोन्ही ड्युरेशन २६० आणि सेपरेशन ११० असेल तर २६० वजा २२०, म्हणजे ४० अंश. तेवढा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे. वरच्या आरपीएमला नीट बनवलेला हेडर (वेगळ्या नळ्यांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) याचा फायदा घेतो, बाहेर जाणाऱ्या गॅसबरोबर ताजं मिश्रण आत ओढून घेतो. कंपनीचा बीडाचा मॅनिफोल्ड तसाच ठेवलात तर तोच ओव्हरलॅप जळका गॅस इनटेकमध्ये ढकलतो. त्यामुळे आधी हेडर, मग कॅम.

पायरी तिसरी: इनटेक मिटण्याचा क्षण आणि कॉम्प्रेशन

इथे थोडं सावकाश जाऊ.

पिस्टन तळाला पोचला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. जोरात आत येणाऱ्या हवेला वेग असतो, त्यामुळे पिस्टन वर निघाला तरी ती आत शिरत राहते. मात्र हा वेग वरच्या आरपीएमलाच असतो. खालच्या आरपीएमला हवेत दम नसतो, आणि उघड्या व्हॉल्व्हमधून पिस्टन आत आलेलं मिश्रण परत इनटेकमध्ये ढकलतो. जे परत गेलं ते दाबलं जात नाही. कागदावर ९.५ असलेलं कॉम्प्रेशन प्रत्यक्षात कमी होतं, ते इथे.

आकड्यांत बघू. स्ट्रोक ७५.५ मिमी, कनेक्टिंग रॉड १२० मिमी, कागदावरचं कॉम्प्रेशन ९.५, आणि इनटेक लोबचं टोक टीडीसीनंतर (पिस्टन सर्वात वर असतो त्या क्षणानंतर) ११० अंशांवर धरलं. २३० अंशांचा सौम्य कॅम बीडीसीनंतर (पिस्टन तळाला असतो त्या क्षणानंतर) ४५ अंशांवर इनटेक मिटवतो. तेव्हा पिस्टनला दाबायला ६७.५ मिमी उरलेले असतात, आणि प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ८.६ येतं. २६० अंशांचा कॅम ६० अंशांवर मिटतो: उरले ६१ मिमी, कॉम्प्रेशन ७.९. २९० चा कॅम ७५ वर मिटतो: ५३ मिमी, आणि कॉम्प्रेशन जेमतेम ७.०. सेपरेशनही ११० धरलं तर याच तिघांचा ओव्हरलॅप १०, ४० आणि ७० अंश.

त्या ७.० चा अर्थ ड्रायव्हरला पायाखाली कळतो. आयडल लंगडतं, ३००० ला पिकअप नाही, पेट्रोल जास्त. ही तूट भरायची तर हेडला पास मारून (त्याचं खालचं तोंड थोडं घासून) किंवा दुसरे पिस्टन घालून कॉम्प्रेशन वाढवावं लागतं. २९० च्या कॅमला ७.९ वर आणायला कागदावरचं कॉम्प्रेशन १०.८ करावं लागेल. २६० च्या कॅमला ८.६ मिळवायला १०.४ च्या जवळपास. म्हणून मोठा कॅम एकटा कधीच येत नाही; हेडचं काम, पिस्टन, स्प्रिंग, ट्यूनिंग, सगळं घेऊन येतो. ते सगळं करायचं नसेल तर कॅम लहान घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. ऑटोक्रॉसच्या जिप्सीत, कॉम्प्रेशनला हात न लावता, इनटेक बीडीसीनंतर ५५ ते ६० अंशांपुढे मिटता कामा नये. छापील ड्युरेशन २५० ते २६० मध्ये बसतं. रॅलीसाठी, कॉम्प्रेशन १०.५ च्या आसपास नेलेलं असेल, तर २७० पर्यंत. २८० च्या वरचं सगळं ट्रॅकवाल्यांसाठी. आठ व्हॉल्व्हच्या जुन्या इंजिनांचे आकडे सोळा व्हॉल्व्हला तसेच लावू नका; चार व्हॉल्व्हचं हेड मुळातच मोकळा श्वास घेतं, त्यामुळे तेवढ्याच आरपीएमसाठी त्याला कमी ड्युरेशन पुरतं. दोन कॅममध्ये जीव अडकला असेल तर लहान घ्या.

पेट्रोलचाही विचार इथेच करा. साध्या ९१ ऑक्टेनच्या हिशोबाने बनलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन वाढवलंत की नॉकिंगची (मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्याची) भीती आली. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. त्यामुळे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वर इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवावे लागतात, आणि जुन्या गाडीचे रबरी होस आधी बदलून घ्यावे लागतात.

पायरी चौथी: लिफ्ट आणि स्प्रिंग

व्हॉल्व्हच्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचल झाली की त्याच्या भोवतीची फट आणि तोंडाचं क्षेत्रफळ सारखं होतं. २८ मिमीच्या व्हॉल्व्हला ही उचल ७ मिमी. त्यापुढे थोडा फायदा मिळतो, पण मग पोर्ट अडवायला लागतो. लिफ्टच्या मागे वेडं होऊ नका.

लोबची उंची गुणिले रॉकरचं (लोब आणि व्हॉल्व्ह यांमधल्या तरफेचं) गुणोत्तर, त्यातून टॅपेटची (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधली) फट वजा, ही खरी व्हॉल्व्ह लिफ्ट. लोब ६ मिमी, रॉकर १.५, फट ०.१५, तर ८.८५ मिमी. हे गणित केल्यावर दोन गोष्टी मोजायच्या. पूर्ण उचललेल्या अवस्थेत स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एकूण किमान १ ते १.५ मिमी मोकळीक हवी. आणि रिटेनरचं (स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या वरच्या टोपीचं) खालचं तोंड गाइडच्या (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीच्या) ऑइल सीलपासून किमान १.५ मिमी दूर राहायला हवं. स्प्रिंग मऊ असली की वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह लोबच्या मागे मागे येत नाही, तरंगतो. फार कडक असली की लोब आणि रॉकर दोन्ही खाते. कॅमवाल्याने सांगितलेलीच स्प्रिंग घ्या, आणि बसवलेल्या उंचीला प्रत्येकीचा दाब टेस्टरवर मोजून घ्या.

पायरी पाचवी: घासलेला की नवीन

आपल्याकडे बहुतेक कॅम ‘रीग्राइंड’ असतात, म्हणजे कंपनीचाच कॅम घासून नवा आकार दिलेला. त्यात वाईट काही नाही, पण काय होतं ते समजून घ्या. लोबचं टोक वाढवता येत नाही, म्हणून पाठीचा गोल भाग कमी करतात. लोबची उंची ०.७ मिमीने वाढवायची तर पाठीची त्रिज्या सुमारे तेवढीच घटते. मग रॉकरचा स्क्रू साधारण १ मिमी जास्त खाली आणावा लागतो आणि त्याचं टोक व्हॉल्व्हच्या मध्यावरून सरकतं. व्हॉल्व्हच्या माथ्यावर मार्करची शाई लावा, टॅपेट सेट करा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा आणि घासल्याचा पट्टा बघा. तो मध्याजवळ, अरुंद हवा. कडेला गेला असेल तर गाइड लवकर सैल होणार.

दुसरी बाब कडकपणाची. बीडाच्या कॅमचा वरचा कडक थर मर्यादित असतो. घासून झाल्यावर नायट्रायडिंग (पृष्ठभाग कडक करण्याची प्रक्रिया) केलं का, ते विचारा, आणि कॅम ताब्यात घेण्याआधी डायल गेजवर प्रत्येक लोबची लिफ्ट मोजा. सिलिंडरा-सिलिंडरांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर परत करा. ग्राइंडरने नाक मुरडलं तरी परत करा.

पायरी सहावी: बसवणं आणि डिग्री करणं

पुलीच्या खुणा जुळवल्या म्हणजे टायमिंग झालं, असं नाही. हेडला पास मारलेला असेल तर क्रँक आणि कॅममधलं अंतर कमी झालेलं असतं, आणि त्याने कॅम मागे पडतो. त्यामुळे फिरवता येणारी कॅम पुली घ्या, आणि असं करा:

१. क्रँकवर अंशांची चकती बसवा. स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टन-स्टॉप लावा. दोन्ही दिशांनी हळू फिरवून जिथे अडतं ते दोन आकडे घ्या. त्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. स्टॉप काढून टाका.

२. पहिल्या सिलिंडरच्या इनटेक रिटेनरवर डायल गेज लावा. टॅपेटची फट कार्डात सांगितलेली ठेवा.

३. क्रँक नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवा. आकडा चुकून पुढे गेला तर मागे आणून थांबू नका. पाव फेरा मागे जा आणि परत पुढे या. नाहीतर बेल्टचा ढिलेपणा मापात येतो.

४. पूर्ण लिफ्टच्या १ मिमी आधी आणि १ मिमी नंतरचे अंश लिहा. समजा ७४ आणि १५४ आले. मध्य ११४. कार्डात ११० असेल तर कॅम ४ अंश मागे आहे. पुलीवर मात्र २ अंशच पुढे न्यायचे, कारण कॅम निम्म्या वेगाने फिरतो. इथे भलेभले गडबडतात.

५. नवीन आकडा परत मोजा. एकदा नाही, दोनदा.

आता पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांमधली जागा. कंपनीच्या कॅमला पुरत असलेली जागा नव्याला पुरेल, हे गृहीत धरू नका. कमीत कमी जागा टीडीसीला नसते. एक्झॉस्टची टीडीसीच्या सुमारे १० अंश आधी, इनटेकची १० अंश नंतर. चाचणीसाठी हलक्या स्प्रिंग लावा, त्या जागी व्हॉल्व्ह हाताने खाली दाबून तो पिस्टनला टेकेपर्यंत किती जातो ते गेजवर वाचा. इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी ठेवा. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांबतो आणि पिस्टन त्याचा पाठलाग करत येतो. कॅम पुढे नेलात की इनटेकची जागा घटते, मागे नेलात की एक्झॉस्टची, म्हणून नंतर पुली हलवायची असेल तर तेवढा वाव आत्ताच मोजून लिहून ठेवा. व्हेरिएबल टायमिंगच्या नव्या इंजिनांत हे काम फेजरच्या (चालू इंजिनात कॅम पुढेमागे फिरवणाऱ्या भागाच्या) दोन्ही टोकांना करावं लागतं.

पायरी सातवी: पहिला स्टार्ट आणि ट्यूनिंग

रॉकरचे पॅड लोबवर घासत चालत असतील तर पहिली वीस मिनिटं फार महत्त्वाची. लोबवर मॉलिब्डेनमचं असेंब्ली ल्युब्रिकंट, इंजिनात झिंक-फॉस्फरस असलेलं तेल. स्पार्क बंद ठेवून स्टार्टरवर तेलाचा दाब येऊ द्या. मग चालू झाल्याबरोबर आरपीएम २००० ते २५०० च्या मध्ये नेऊन २० मिनिटं तिथेच खालीवर करत राहा. आयडलला सोडू नका. कमी वेगाला लोबच्या टोकावर दाब जास्त आणि तेल कमी असतं. म्हणून पेट्रोल, पाणी, इग्निशन, सगळं आधी तपासून ठेवायचं. गळती दिसली तर इंजिन बंद करा, आयडलवर ठेवून शोधू नका.

मॅनिफोल्डच्या दाबावरून पेट्रोल ठरवणाऱ्या ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) नवा कॅम गोंधळात टाकतो. आयडलला व्हॅक्यूम कमी झाला की त्याला वाटतं इंजिनवर लोड आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. त्यामुळे मॅप (ईसीयूमधला पेट्रोल-इग्निशनचा तक्ता) नव्याने करावाच लागतो. आयडल १००० ते ११०० वर न्या, आयडलचं इग्निशन थोडं पुढे. पूर्ण थ्रॉटलला वाइडबँड (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनच्या) सेन्सरवर ०.८७ लॅम्डाच्या आसपास; लॅम्डा १ म्हणजे पूर्ण ज्वलनाला लागते तेवढीच हवा. ई२० वर एएफआरचा (हवा-पेट्रोल गुणोत्तराचा) आकडा बघू नका, लॅम्डाच वाचा. इथेनॉलमुळे पूर्ण ज्वलनाचं गुणोत्तर १४.७ राहत नाही. व्हॅक्यूम कमी झाल्याने ब्रेक बूस्टरची मदतही घटू शकते. आयडलला ओळीने तीनचार वेळा ब्रेक दाबून पाहा, पेडल कडक होत असेल तर गाडी मैदानात नेऊ नका.

डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गेलात की फक्त वरचा आकडा घेऊन परत येऊ नका. कॅम कार्डाच्या जागी, मग क्रँकचे २ अंश पुढे, मग २ अंश मागे, असे तीन आलेख काढा. मोजून ठेवलेल्या वावाच्या बाहेर मात्र जाऊ नका. आलेख एकमेकांवर ठेवा आणि पहिल्या पायरीत काढलेल्या पट्टीत, म्हणजे ३००० ते ६५०० मध्ये, कोणत्या आलेखाखाली जास्त क्षेत्रफळ आहे ते बघा. कॅम पुढे नेल्यावर शिखराला दोनतीन एचपी गेले आणि ३५०० ला टॉर्क वाढला, तर ऑटोक्रॉससाठी तोच आलेख निवडा. पुलीचे बोल्ट थ्रेड-लॉक लावून टॉर्क रेंचने आवळा, त्यावर रंगाची रेघ मारा. पहिल्या स्पर्धेनंतर इंजिन गार असताना सगळे टॅपेट परत मोजा: एखाद्याच व्हॉल्व्हची फट वाढलेली दिसली, तर त्या लोबवर डायल गेज लावल्याशिवाय गाडी पुन्हा चालू करू नका.